पाहुण्याचं घड्याळ

"ताई, मी आत्ता झोपलो हुतो का?"

बबनदादांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. इंजिन चालूच होतं. चांदे नुकतं मागे पडलं होतं आणि पुढे धुकं इतकं दाट होतं, की रस्ता तिथेच संपतोय असं वाटावं. मागच्या सीटवरचे सगळे माना टाकून झोपले होते. मी पुढे बसलेली, पण मीही त्यांच्यातलीच. प्रश्न कानावर पडला म्हणून डोळे उघडले, एवढंच.

"तुम्ही? नाही हो दादा."

"तुमी बगत हुता?"

"मी झोपले होते," मी म्हणाले.

"तेच की. समदीच झोपल्याली असतात. मग मला सांगायचं कुनी?"

ही २००८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी हिंजवडीच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन होते. म्हणजे सर्व्हर चालू ठेवणारी बाई. सर्व्हर चालू असले की आपण कुणालाच आठवत नाही, बंद पडले की सगळ्यांना आठवतो, असं ते काम. माहेर परभणीचं, सासर लातूरचं, आणि नवऱ्याची नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात, म्हणून बिऱ्हाड पिरंगुटला. कंपनीची कॅब तिथून आम्हाला उचलायची आणि लवळे, नांदे, चांदे करत हिंजवडीला आणायची. मी पिरंगुटला डोळे मिटायची आणि गेटवर उघडायची. मधली गावं माझ्यापुरती घडतच नसत. अंगावर मऊ दुलई घातल्यासारखी ती झोप असायची, घरच्या गादीवर कधी लागली नाही तशी.

कॅब चालवायचे बबनदादा. चांद्याचेच. पन्नाशी उलटलेले, कानाला मफलर, बोलणं कमी. बाकीचे ड्रायव्हर माणसांना अर्धा तास आधी उचलून गेटवर नेऊन ठेवत. दादा तसं करत नसत. "लेकी पहाटं उठून डबं करत्यात, झोपू द्या जरा," म्हणायचे. वेळेवर निघायचे आणि वेळेवर पोचायचे.

निदान त्या हिवाळ्यापर्यंत पोचायचे. महिनाभरात त्यांना लेट मार्क लागायला लागले होते. गेटवरचा गार्ड कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर टाकायचा, वेळ कॉम्प्युटर स्वतःच लावायचा. ठरलेल्या वेळेनंतर गाडी आली की लाल अक्षरात लेट. असे काही लेट झाले की गाडी कॉन्ट्रॅक्टमधून बाद. दादांचा आता एकच उरला होता. इतर गाड्यांनाही लेट लागत होते, पण त्या वाकडच्या बाजूने यायच्या. ट्रॅफिक होतं म्हटलं की विषय संपायचा, आणि ते नेहमीच खरं असायचं. आमच्या रस्त्यावर म्हशींखेरीज ट्रॅफिक नव्हतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र फ्लेक्सी टायमिंग. आम्ही कधीही या. ज्याच्या गाडीतून येतो, त्याने वेळेवर आलं पाहिजे.

त्या दिवशी दादा मुद्दाम लवकर निघाले होते, म्हणून थांबायला सवड होती.

"चांद्यात पौडला जानारी यष्टी समोरनं येती," ते म्हणाले. "ती कदी चुकत न्हाई." एस्टीबद्दल असं बोलणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. "तिथनं गेट काय लांब हाय? तरीबी गेटावर जाऊस्तवर टाइम होतुया. मदली मिण्टं कुटं जात्यात, ताई?"

"तुमचा मोबाईल काय म्हणतो?"

"त्यो तर लईच येडा झालाय. गेटावरचं बगून लावला, तर दुपारी घरी जाऊन बगतो, त्यो म्होरं. घरचं बगून लावला, तर सकाळी गेटावर मागं." त्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "आमचा आबा शेवटी शेवटी बांदावर बसून इचारायचा, सकाळ हाय का सांज. तसंच झालं वाटतं माजं. चालवता चालवता डोळा लागत आसंल."

मी म्हणाले, असं काही नसतं.

"कंपनीनं काडलं तर काडंल, ती बात येगळी. पन मलाच माजा भरोसा न्हाई राहिला तर तुमा लेकींना गाडीत बशिवनार कसं? ह्यो म्हैना झाला की पुतण्याला दिनार गाडी. कुनाला सांगू नका."

मग त्यांनी गिअर टाकला. मी उरलेला रस्ता जागी राहिले. दादा झोपले नाहीत. झोप लागेल या भीतीने त्यांनी पापणीसुद्धा क्वचितच लववली, आणि मला फार वाईट वाटलं.

गेटचं सॉफ्टवेअर माझ्याच ताब्यात होतं. ते एका व्हर्च्युअल मशीनवर चालायचं. म्हणजे काय, ते सांगते. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक मशीन्स असतात, सगळी सॉफ्टवेअरने बनवलेली. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. मोठ्या सर्व्हरला आम्ही होस्ट म्हणतो, आतल्यांना गेस्ट. यजमान आणि पाहुणे. यजमान एकेका पाहुण्याला आळीपाळीने थोडा थोडा वेळ चालवतो आणि बाकीच्यांना थांबवून ठेवतो. गंमत अशी, की थांबवलेल्याला आपण थांबलोय हे कळत नाही. कॉम्प्युटर वेळ मोजतो तो बारीक बारीक ठोके मोजून. झोपेत काही ठोके निसटले, तर जागं झाल्यावर तो मागच्या ठोक्यापासून मोजायला लागतो. जगात मध्ये काही झालं, हे त्याच्या गावीही नसतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा ते ओळखीचं वाटलं होतं. माझं पिरंगुट ते हिंजवडी असंच चालायचं.

त्यामुळे मला वाटलं, सापडलं. पाहुण्याचं घड्याळ बिघडलंय.

पण कागदावर पेनाने दोन रेघा मारल्या आणि गाडी अडली. ठोके निसटले तर घड्याळ मागे पडतं. गेटचं घड्याळ मागे पडलं तर दादा लवकर आलेले दिसायला हवेत, उशिरा नाही. हे तर उलटंच होतं. दुपारी चहाच्या वेळी मशीनची वेळ तपासली, अगदी बरोबर. शनिवारी निम्मं ऑफिस रिकामं होतं, तेव्हा सकाळी तपासली. तेव्हाही बरोबर. घड्याळात दोष नाही. म्हणजे मग दोष कुणात, हे मला स्वतःशीसुद्धा म्हणवेना.

सोमवारी गेटवर मोघे सर स्वतः उभे होते.

मोघे सर आमचे सेंटरचे प्रमुख. सर्व्हर, इमारत, कॅब, कॅन्टीन, सगळं त्यांच्याकडे. सदाशिव पेठेत वाढलेले. वेळ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. वाईट माणूस नव्हता, पण एकदा वेळेवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याची वेळ भरायची.

गार्डने नंबर टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग स्क्रीन पाहिला.

"बघ स्मिता. माझं घड्याळ आणि सिस्टीम, दोन्ही एकच सांगताहेत. मिनिटाचा फरक नाही." मग ते दादांकडे वळले. "बबनराव, मला वाईट वाटतं. पण सिस्टीमला नातीगोती नसतात. आज संध्याकाळची फेरी करा, उद्यापासून नको."

मला वाटलं, दादा भांडतील. यष्टीचं सांगतील.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "बराबर हाय तुमचं."

माझा मोबाईल पर्सच्या तळाशी होता. दोन घड्याळं एकच सांगत असताना तिसरं बाहेर काढावं, असं मलाही सुचलं नाही. मी झोपाळलेलीच वर गेले.

तासाभराने आमची सोमवारची मीटिंग होती. आम्ही सगळे आपापल्या चहाशी. कुणी समोसे आणले होते, त्यांची चर्चा चालू. दार उघडून मोघे सर आले, मनगटाकडे बघून म्हणाले, "दहा वाजले. सुरू करू या."

कुणीही कप खाली ठेवला नाही. भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते.

ह्यात नवीन काहीच नव्हतं. सरांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्याला मोघे टाइम म्हणायचो. त्यांच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ पुढे, गाडीतलं पुढे, मनगटावरचं पुढे. म्हणजे उशीर होत नाही, म्हणे. आणि हसायचं कशाला? परभणीला आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळही वडिलांनी पाच मिनिटं पुढे लावून ठेवलेलं. ज्या घरात सकाळी कुणालातरी बस पकडायची असते, त्या घरात असं एक घड्याळ असतंच. सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे मनात वजाबाकी करतात, आणि तरीही त्याला बघून थोडी घाई होते.

समोसा माझ्या हातातच राहिला. गेटवर सकाळी दोन घड्याळं जुळली होती. त्यातलं एक दहा मिनिटं पुढे असतं, हे आख्ख्या कंपनीला माहीत आहे. मग त्याच्याशी मिनिटाचाही फरक न ठेवता जुळणारं दुसरं बरोबर कसं असेल?

"सर," मी म्हणाले, "तुमचं घड्याळ किती पुढे आहे?"

"दहा मिनिटं. का?"

"सकाळी गेटवर तुम्ही दहा वजा केले होते?"

खोलीतली समोशांची चर्चा थांबली. सर माझ्याकडे पाहत राहिले. मग भिंतीकडे. मग मनगटाकडे. त्यांचे ओठ जरासे हलले, बहुतेक वजाबाकी चालू होती.

"नाही," ते म्हणाले. "सिस्टीमशी जुळलं, म्हणून नाही केले."

मी लॅपटॉप उघडला. गेटचं मशीन त्या क्षणी दहा मिनिटं पुढे होतं. आणि ते नेहमीच्या सर्व्हरवर नव्हतंच. आमच्याकडे दोन होस्ट होते, एक जुना, एक महिन्याभरापूर्वी आलेला नवा. सकाळी सगळे एकदम लॉग इन करतात, जुन्यावर गर्दी होते. तेव्हा काही पाहुण्यांना चालू अवस्थेत, त्यांची झोपमोड न करता, आपोआप नव्या घरी हलवलं जातं. दुपारी गर्दी ओसरली की परत. पाहुण्याला पत्ताही लागत नाही. आणि गेटच्या मशीनवर एका चौकटीत टिक केलेली होती, यजमानाच्या घड्याळाप्रमाणे आपलं घड्याळ लाव, अशी. मी नव्या सर्व्हरचं घड्याळ पडद्यावर आणलं. सरांना मनगट शेजारी धरायला सांगितलं. दोन्हीकडचे सेकंदसुद्धा जवळजवळ जुळत होते.

"हा सर्व्हर आला तेव्हा वेळ कुणी लावली?" मी विचारलं.

सर हळूच बसले. "रविवार होता. व्हेंडरचा इंजिनिअर कीबोर्डवर बसला होता. 'सर, टाइम बोलिए,' म्हणाला." त्यांनी डावा हात उचलून जसा तेव्हा पुढे केला होता तसा पुढे केला. "मी हे दाखवलं."

हसावं की रडावं कळेना. कुणी हसलं नाही, हे त्या खोलीचं कौतुक. नव्या घरात मोघे टाइम चालू होता. तिथे गेलेला पाहुणा निमूटपणे दहा मिनिटं पुढे जायचा. दुपारी जुन्या घरी परतला की दूरच्या भरवशाच्या घड्याळाला विचारून, ठोके जरा लांबवत, हळूहळू भानावर यायचा. मी तपासायची ती दुपारी. आणि शनिवारी गर्दीच नव्हती, त्याला कुणी हलवलंच नव्हतं.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. घड्याळ पुढे करणं सोपं असतं, मागे ओढणं अवघड. मशीनची वेळ एकदम दहा मिनिटं मागे नेली, तर आत आधी झालेली नोंद नंतरची दिसते, गेलेली गाडी यायचीच असते, आणि सॉफ्टवेअर बावचळतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत गेटचं मशीन मी बंद केलं. नव्या सर्व्हरची वेळ दुरुस्त केली, भरवशाच्या घड्याळाशी बांधून टाकली. ती चौकटीतली टिक काढली. गार्डला सांगितलं, थोडा वेळ हाताने लिही. मग काहीच करायचं नव्हतं. मशीनचं घड्याळ जिथे पोचलं होतं तिथवर खरी वेळ चालत चालत येईपर्यंत थांबायचं होतं.

मी खिडकीशी उभी राहिले. सकाळचं धुकं माणच्या बाजूला अजून थोडं अडकलं होतं. त्याच्यातून एक माणूस सायकल हातात धरून चालत येत होता. सावकाश येत होता, आणि कितीतरी वेळ तेवढाच लांब दिसत होता. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. ऑफिसात माणसं बोलत होती, प्रिंटर चालू होता, आणि मला वाटत होतं, आपण सगळेच कुठेतरी पुढे जाऊन बसलोय आणि मागून काहीतरी पायी येतंय, त्याची वाट बघतोय. फार बरं वाटत होतं. मग घड्याळात वेळ भरली, मी मशीन सुरू केलं, आणि जागी झाले.

दादा फाट्यावरच्या टपरीवर होते. चहा समोर गार होत होता. मी बाकावर बसले आणि सांगायला लागले. होस्ट, गेस्ट, दोन घरं.

"थांबा," ते म्हणाले. "म्हंजे पाव्हणा झोपल्याला. त्याला झोपंतच उचलून दुसऱ्याच्या घरी ठिवला."

"हो."

"त्या घरचं घड्याळ म्होरं. पाव्हण्यानं डोळं उगाडलं आन् तेच खरं धरलं."

"अगदी."

"आन् त्ये घड्याळ मोघे सायबाचं."

"हो."

दादा समोरच्या काचेच्या इमारतीकडे बघत होते. तिच्याखाली कधीकाळी त्यांची भाताची खाचरं होती, हे मला एकदा त्यांनीच सांगितलं होतं.

"म्हंजे मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, दादा. एकदाही नाही."

त्यांनी मफलर काढला आणि त्याने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग गार चहा एका घोटात संपवला आणि टपरीवाल्याला ओरडून आणखी दोन सांगितले.

संध्याकाळी मोघे सर स्वतः गेटवर आले. हे त्यांचं मला फार आवडलं. सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "बबनराव, चूक तुमची नव्हती. माझ्या घड्याळाची होती. सगळे लेट रद्द केलेत. गाडी चालू राहील."

दादांनी त्यांच्या मनगटाकडे निरखून पाहिलं. "सायेब, राग मानू नका. पन लौकर उटायचं सोडून घड्याळाला कशापायी पळवताय?"

ड्रायव्हर हसले. सरही हसले. घड्याळ त्यांनी तेव्हाही मागे केलं नाही, नंतरही नाही. एवढ्या वर्षांची वजाबाकी काही सुटत नाही.

त्यानंतर मी बरेच सर्व्हर बसवले. प्रत्येक वेळी वेळ लावताना दोन गोष्टी पाळल्या. मनगटाकडे बघायचं नाही, आणि पुण्यातल्या माणसाच्या मनगटाकडे तर नाहीच. दोन घड्याळं जुळली, तर आधी विचारायचं, ही दोघं एकाच घरची आहेत का.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिरंगुटला गाडीत बसले. मागचे लगेच माना टाकून झोपले. मी मात्र ताठ बसले होते. लवळे पाहिलं, नांदे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. चांद्यात धुक्यातून समोरून एस्टी आली, पाटीवर पौड लिहिलेली. दादांनी हेडलाइट मारून तिला रामराम केला.

"ताई, जाग्या का?"

"असंच. म्हटलं सोबत."

"झोपा तुमी," ते म्हणाले. "मी हाय जागा."